एल्विनाचं उघडं बॉनेट

१

तमिळ मुलखात, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोरीच्या अलीकडे करड्या रंगाची एल्विना मोटार उभी होती. बॉनेट उघडं होतं, चारी इंडिकेटर लुकलुकत होते आणि मोरीच्या कठड्याच्या दगडावर रक्त होतं. शनिवार होता, मे महिना, सकाळचे साडेदहा वाजले होते. पोलीस पोचले तेव्हा जखमी माणसाला अँब्युलन्स घेऊन गेली होती. दवाखान्याच्या दारात पोचायच्या आतच तो वारला.

त्याचं नाव पुष्कर देशमाने. मूळचा कराडचा, वय एकतीस. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात इंजिनांच्या तपासणीचं काम करायचा. बायको तनया सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. दोघं मैलापुरात सत्यनारायण रावांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत.

पोलिसांचा निष्कर्ष एका पानात मावला. गाडी गरम होऊन बंद पडली, चालक उतरून बॉनेट उघडून पाहत होता, मागून आलेल्या अज्ञात वाहनाची धडक बसून तो कठड्यावर फेकला गेला. कोणालाच त्यात नवल वाटलं नाही, कारण एल्विनाची ख्यातीच तशी होती. दिसायला देखणी, आतून प्रशस्त, पण तापली की पाणी टाकून देणारी. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला कोणी हात लावत नसे, म्हणून ती मातीमोलानं मिळायची.

तनया मात्र त्या पानावर अडून बसली. अकराव्या दिवशी ती खाली आली आणि सत्यनारायण रावांच्या समोर बसली.

राव सत्तरीला टेकलेले, तंजावरकडचे मराठी. चाळीस वर्षं त्यांनी अपघाती गाड्यांची पाहणी करून विमा कंपन्यांना अहवाल दिले होते. त्यांची मराठी जुन्या पत्रांतून उचलल्यासारखी असे आणि मधूनच तमिळकडे वळे. पुष्करला ती फार आवडायची.

तनयानं सांगितलं की पुष्करनं आयुष्यभर इंजिनंच पाहिली. महिनाभर आम्ही गाड्या बघत होतो, एल्विना नको असं तोच पहिल्या दिवशी म्हणाला होता. मग एका दुपारी एकटा गेला आणि तीच घेऊन आला. कारण सांगितलं नाही. मी चिडले. तीन आठवडे मी त्या गाडीत बसले नाही, आणि त्या शनिवारी सकाळी आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो.

"काका, ज्याला सगळं कळत होतं त्यानं हीच गाडी का घेतली?" तिनं विचारलं. "आणि विकणाऱ्यानं त्याला फसवलं असेल, तर मला त्याचं नाव पाहिजे."

राव म्हणाले, "आधीं गाडी पाहूं. माणसं मागून."

२

गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती. क्रेनच्या ट्रकवर चढवून आणली होती, आत कोणी बसलं नव्हतं, असं हवालदारानं सांगितलं. रावांच्या नोकरीतल्या ओळखी अजून टिकून होत्या, त्यामुळे किल्ली मिळाली.

त्यांनी दार उघडलं आणि आत न बसता नुसतं पाहिलं. हँडब्रेक ओढलेला. गिअर पहिल्यात. चालकाची सीट अगदी पुढच्या खाचेत, स्टिअरिंगला खेटून. मग त्यांनी तनयाला पुष्करची उंची विचारली. सहा फुटांना एक बोट कमी, ती म्हणाली.

त्यांनी गिअर काढला, हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. पाव तास चालू ठेवलं. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती.

बॉनेट उघडून राव वाकले. इंजिनाच्या पाठीमागे, हात कसाबसा पोचेल अशा जागी, एल्विनाची कुप्रसिद्ध प्लॅस्टिकची नळी असते. उष्णतेनं ती तडकते आणि सगळं पाणी वाहून जातं. या गाडीत तिच्या जागी स्टीलची वाकडी नळी होती. लेथवर घडवलेली, बाजारात न मिळणारी.

राव गाडीला एक फेरी मारून आले. पुढच्या नंबरप्लेटला मध्ये हलकी चेप होती.

"तनया, हें इंजिन बंद पडलेलें नाही," ते म्हणाले. "ह्या गाडीला कांहीं झालेलेंच नाही."

तनया तिथेच, तापलेल्या फरशीवर बसली. इतके दिवस तिला निदान रागवायला ती गाडी होती.

परतताना राव एका जुन्या स्नेह्याकडे थांबले आणि शवविच्छेदनाचा कागद आणि अँब्युलन्सच्या फोनची नोंद घेऊन आले. फोन दहा वाजून बारा मिनिटांनी, पुष्करच्याच मोबाइलवरून झाला होता. म्हणून पोलिसांनी धरलं होतं की त्यानंच तो केला. पण नोंदीत एक शब्द होता, तो कोणी नीट वाचला नव्हता. बोलणारी व्यक्ती स्त्री होती.

३

ती रात्र तनयानं कशी काढली ते तिनं कोणाला सांगितलं नाही. सकाळी डोळे सुजलेले होते. एवढंच म्हणाली की जे असेल ते मला बघायचंय.

गाडी विकणारा सुंदर नावाचा दलाल पल्लावरमला होता. जुन्या गाड्यांच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला धिप्पाड माणूस. तनयाला पाहताच तो उभा राहिला आणि आपणहून बोलू लागला. त्यानं शपथेवर सांगितलं की ही गाडी घेऊ नका असं मीच साहेबांना म्हणालो. माझं गिऱ्हाईक परत आलं की मलाच डोकेदुखी. साहेबांनी फक्त मूळ मालक कोण ते विचारलं. मालकीण ताम्बरमच्या निवृत्त शिक्षिका, कनका बाई. त्यांचे यजमान वर्षापूर्वी छातीत दुखू लागलं म्हणून याच गाडीतून दवाखान्यात निघाले होते. पेरुंगळत्तूरला भर दुपारी गाडी उकळली. चाळीस मिनिटं रस्त्यावर गेली. ते वाचले नाहीत.

"हे ऐकल्यावर साहेब त्या टायरवर बसले," सुंदर म्हणाला. "पाणी दिलं तर घेतलं नाही. मग भाव न करता गाडी घेतली."

निघण्यापूर्वी रावांनी त्याला दुसऱ्या एका एल्विनाची सीट पुढच्या खाचेत ओढून आत बसायला सांगितलं. सुंदरचे गुडघे डॅशबोर्डला अडले, पाय आतच जाईना. राव मान हलवून बाहेर पडले.

तिथून ते ताम्बरमला गेले. कनका बाई पासष्टीच्या, बारीक चणीच्या. दारात उभ्या राहिल्या तर तनयाच्या खांद्याला लागत होत्या. त्याही तंजावरकडच्याच मराठी निघाल्या. पुष्करची बायको आली आहे हे कळल्यावर त्यांनी तिचा हात धरून तिला आत नेलं. मग उठून कॉफी केली.

त्यांनी सांगितलं की यजमान गेल्यावर ती गाडी दारात पाहवेना. सुंदर येऊन घेऊन गेला, त्यानंतर आपण ती पाहिली नाही. पुष्कर एकदा आला होता, गाडी घेतली त्याच आठवड्यात, बसनं, सर्व्हिसचे जुने कागद विचारायला. मग बाजारातून येता-जाता दोन-तीनदा भाजी देऊन गेला, शेवटचा अपघाताच्या आठ दिवस आधी. मामी म्हणायचा.

"येवढा चांगला मुलगा," त्या म्हणाल्या. "येवढ्या मायेनें तें स्टीलचें वांकण बसविलें, आणि पाहा."

तनया रडू लागली. बाईही रडल्या. राव खिडकीबाहेर पाहत होते.

४

"इकडे येण्याआधीं पुष्कर पुण्याच्या कंपनीत होता ना? तिथें काय करीत होता?" दुसऱ्या दिवशी रावांनी विचारलं.

तनयाला एवढंच माहीत होतं की इंजिनं चालवून चालवून दमवायची, असं काहीतरी काम होतं. ती नोकरी त्यानं लग्नाआधी सोडली होती आणि तो विषय काढलेला त्याला आवडत नसे. दोघांनी मिळून त्याचं कपाट उघडलं. प्रमाणपत्रांच्या खाली एक निळी फाइल होती. आत एका चाचणीचा अहवाल होता. इंजिनाचं नाव वाचून तनयाचा हात थांबला. एल्विनाचंच इंजिन होतं ते.

शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: मागील नळी, समाधानकारक. खाली पुष्करची सही. आणि त्या पानामागे त्याच्याच हस्ताक्षरातला एक साधा कागद, तारीख अहवालाच्या आठ दिवस आधीची. त्यात त्यानं वरिष्ठांना कळवलं होतं की नळी तिसऱ्यांदा तडकली आहे, धातूची करावी. कागदाच्या कोपऱ्यात कोणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं, वेळ नाही.

त्याला माहीत होतं, आणि तरी त्यानं सही केली होती. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

तनयानं तो कागद परत परत वाचला. त्यानं ती गाडी का आणली हे तिला आता कळलं. ज्या माणसाचा जीव त्या नळीनं घेतला त्याचीच गाडी होती ती. मग तो घरी येऊन बायकोला काय सांगणार होता?

फाइलमध्ये गिंडीच्या एका लेथवाल्याचं कार्डही होतं. चंद्रमौळी. ते त्याच दुपारी तिकडे गेले. चंद्रमौळीचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. क्लच दाबता येत नाही म्हणून तो फक्त बिनगिअरची स्कूटर चालवी. पुष्करबद्दल तो भावासारखा बोलला. दोन रविवार दोघांनी मिळून ती नळी घडवली होती. अपघाताच्या आधीच्या बुधवारी ती गाडीत बसवली, त्याआधी नाही.

बुधवार ऐकताच रावांनी डोळे मिटले.

चंद्रमौळीनं पुढे सांगितलं की खरी परीक्षा व्हायची होती. गाडी उन्हात चाळीसेक किलोमीटर पळवायची, मग थांबवून, एकानं आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्यानं बॉनेट उघडून त्या नळीवर नजर ठेवायची. त्याला दुसरा माणूस लागतोच. चंद्रमौळी म्हणाला होता की मी कोणालातरी देतो. पुष्करनं नको म्हटलं. म्हणाला, माझं माणूस ठरलंय, ज्यांना ते ऐकवायचं त्यांनाच नेणार आहे.

५

त्या संध्याकाळी राव तनयाला म्हणाले की मी तुला सगळं सांगतो, पण एक ठरव. ऐकून झाल्यावर आपण कुठे जायचं ते तू सांगायचं, मी नाही.

त्यांनी शवविच्छेदनाचा कागद समोर ठेवला. दोन जखमा होत्या. डोक्याची मागची बाजू, ती दगडाची. आणि दोन्ही नडग्या, समोरून, एकाच उंचीवर. रस्त्यावरून येणारं वाहन बॉनेटपाशी वाकलेल्या माणसाला बाजूनं किंवा पाठीमागून लागतं. लॉरी असती तर कंबर मोडली असती.

"तो इंजिनाकडे तोंड करून उभा होता," राव म्हणाले. "त्याला समोरून जें लागलें, तें तो पाहत होता तेंच."

तनयाला कळायला क्षणभर लागला. राव तसेच सावकाश बोलत राहिले. पोलिसांच्या फोटोत बंपर आणि कठडा यांत जेमतेम दोन हात अंतर आहे. तिथे उभं राहून काम करायचं असलेला माणूस गाडी इतकी जवळ लावत नाही. म्हणजे गाडी पुढे सरकली. गिअर पहिल्यात होता. बॉनेट उघडं असलं की आत बसलेल्याला समोरचं काही दिसत नाही. क्लचवरून पाय सुटला, आणि चांगलं, दुरुस्त केलेलं इंजिन होतं म्हणून ती जोरात उडाली.

सीट पुढे ओढलेली, म्हणजे बसणारं माणूस ठेंगणं. सुंदर तिथे मावत नाही. चंद्रमौळीला क्लच दाबता येत नाही. फोन बाईनं केला, आणि पुष्करच्या मोबाइलवरून. कुलूप लागलेल्या मोबाइलवरूनही अँब्युलन्सचा तेवढा एक नंबर लावता येतो, त्याला ओळखीचं असावं लागत नाही.

"आणि कनका बाई म्हणाल्या, गाडी विकल्यावर पाहिली नाही. पण स्टीलचें वांकण त्यांना ठाऊक. बुधवारी बसविलेलें. आपण तर त्यांना सांगितलें नव्हतें, आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणें पुष्कर त्यानंतर आलाच नव्हता."

तनयानं शवविच्छेदनाच्या कागदाची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, की त्यांचा नवरा त्या नळीनं गेला हे खरं आहे ना. राव हो म्हणाले. त्या नळीवर पुष्करची सही होती, हेही खरं ना. हो. आणि तो त्यांना ते सांगितल्याशिवाय राहिला नसेल.

"नाही," राव म्हणाले. "राहिला नसेल."

"मग पाय सुटला की सोडला, काका?"

मग तिनंच सांगितलं की आधी ठाण्यात नाही, त्यांच्याकडे जायचं.

६

दुसऱ्या दिवशी कनका बाईंनी दार उघडलं आणि दोघांचे चेहरे पाहून त्या मागे सरल्या. नाकारायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून, आणि सांगू लागल्या.

तो सकाळी आठ वाजता आला होता. म्हणाला, मामी, चला, तुमची गाडी आता कशी चालते ते दाखवतो. यजमानांनीच त्यांना त्या गाडीवर शिकवलं होतं, पण वर्षभरात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वालाजाबादच्या वाटेवर मोरीपाशी त्यानं गाडी कडेला लावली, गिअरमध्ये ठेवूनच बंद केली, ती त्याची सवयच होती. मग समोर पाहत त्यानं सगळं सांगितलं. चाचणी, तडकलेली नळी, सही. तुमचे यजमान ज्यांनी मारले त्यांतला एक मी आहे, म्हणाला. त्याला क्षमा नको होती. फक्त त्यांना ठाऊक असावं, एवढंच.

तो उतरला, त्यांना आपल्या जागेवर बसवलं, सीट पुढे ओढून दिली, क्लच दाबून सुरू करा म्हणाला आणि बॉनेट उघडून उभा राहिला; गिअर काढायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ॲक्सिलरेटर दाबा म्हणाला. त्यांनी दाबला.

"मीं रडत होतें," त्या म्हणाल्या. "समोर नुसतें करडें बॉनेट. डावा पाय कधीं उचलला तें मला ठाऊक नाही. रोज पहाटेस उठून विचारतें स्वतःला. राग होता, तें खोटें नाही. पण त्याला मारावें असें मनांत आलें असतें, तर पायाला कळलें असतें कीं नाही?"

गाडी उडाली आणि गचकन बंद पडली. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि उतरून धावल्या. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फोन केला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी थांबावं म्हणून इंडिकेटर लावले. तो शुद्धीवर होता.

"काही बोलला?" तनयानं विचारलं.

तुझं नाव दोनदा घेतलं, बाई म्हणाल्या. नंतर काही नाही.

अँब्युलन्स दिसली तेव्हा त्या भ्याल्या. मोरीच्या खाली उतरून बसल्या. वरून माणसांचे आवाज येत होते, स्ट्रेचरचा आवाज आला, दारं बंद झाली. सगळं शांत झाल्यावर त्या वर आल्या आणि चालत बसथांब्याकडे गेल्या.

तनया उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"पाय सुटला असेल, मामी. तेवढं मी मानेन. पण तो जिवंत होता. तुम्ही त्याच्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसायला हवं होतं. तो एकटा गेला."

कनका बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, होय, होय.

थोड्या वेळानं राव काही सांगायला लागले, तर बाईंनीच त्यांना थांबवलं. उठल्या, तोंड धुतलं, यजमानांच्या तसबिरीपुढचा दिवा शांत केला आणि चपला घातल्या. ठाणं कुठलं, एवढंच विचारलं.

७

जबाब लिहून घ्यायला तीन तास लागले. अधिकाऱ्यानं तनयाला विचारलं, हेतूबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय का. तिनं ती निळी फाइल त्याच्या टेबलावर ठेवली. हीसुद्धा नोंदीत घ्या, म्हणाली. माझ्या नवऱ्याची सही आहे, ती लपवू नका, आणि तो लाल शाईतला शेराही लपवू नका. हेतूबद्दल मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही.

जामिनाचे कागद तयार व्हायला आणखी वेळ होता. रावांनी रिक्षा बोलावली. तनया बाहेरच्या बाकावर बसून राहिली. राव म्हणाले की चल, तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस, त्यांना घरी पोचवायला हे लोक कोणालातरी देतील.

"कोणाला देतील?" ती म्हणाली.

आतल्या खोलीच्या दारातून कनका बाई दिसत होत्या. खुर्ची मोठी होती, त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर ठेवलेल्या चहाकडे त्या पाहत होत्या.

"मी माफ केलेलं नाही, काका," तनया म्हणाली. "पुढंही जमेलसं वाटत नाही. पण त्यांना एकटीनं जाऊ देणार नाही."

रावांनी रिक्षा परत पाठवली आणि तिच्या शेजारी बसले. पाच वाजत आले होते, ऊन बाकापर्यंत पोचलं होतं. दोघं थोडे सरकले, तिसऱ्या माणसापुरती सावलीतली जागा ठेवून.